दारापर्यंत जाऊन परत फिरलेल्या मुलीला

"मावशी, मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. पाच महिन्यांपूर्वी बाबांचं काम सुटलं. या सत्राची अर्धी फी अजून भरायची आहे. संध्याकाळी एका ठिकाणी हिशेब लिहायचं काम करते, खोलीवर यायला अकरा वाजतात. दोन असाइनमेंट राहून गेल्या, तिसरीची तारीख नऊ दिवसांवर आलीय. वर्गात जाणं जवळजवळ थांबलंय. घरी सांगते, सगळं छान चाललंय. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र आहे. दोनदा त्या दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या फलकावरच्या सूचना वाचून परत आले. आत गेले तर नोंद होईल, घरी कळेल, उद्या नोकरीच्या आड येईल. शिवाय माझ्याहून वाईट अवस्थेतले कितीतरी असतील, त्यांची जागा मी कशाला अडवू? रात्री वाटतं, सकाळ होऊच नये. गुपचूप शिक्षण सोडून दिलं तर चालेल का? – दाराबाहेरची"

बाळ,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते, बाकीचं मागून. "रात्री वाटतं, सकाळ होऊच नये." याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे उद्याच्या दिवसाची धास्ती. दुसरा म्हणजे जगणंच नको. कुठला ते मला इतक्या लांबून कळणार नाही, तुला कळेल. दुसरा असेल, अगदी थोडासा जरी असेल, तरी कुणाची वेळ मिळायची वाट बघू नकोस. शेजारच्या खोलीतलीला उठव, संकटकाळी चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनला फोन लाव, नाहीतर सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि मला लिहिलंस तेच वाक्य तिथे म्हण. नवीन शब्द शोधत बसू नकोस. पहिला अर्थ असेल तर पुढे वाच. दुसरा असेल तरी वाच, पण आधी कुणाशी तरी बोलून ये.

आता तुझा प्रश्न. शिक्षण सोडायला माझा विरोध नाही, गुपचूप सोडायला आहे. तू वर्गात जायची थांबलीस म्हणून विद्यापीठाच्या लेखी तू गेलेली नसतेस. पटावर नाव राहतं, गैरहजेरी साठत जाते, न दिलेल्या परीक्षा नापास म्हणून चढतात आणि फीची थकबाकी तुझ्या नावावर तशीच राहते. दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं तर तीच गुणपत्रिका घेऊन दारात उभं राहावं लागतं. उलट बहुतेक विद्यापीठांत रीतसर खंड घेता येतो. अर्ज करायचा, सत्र किंवा वर्ष थांबायचं, जागा राखून ठेवलेली असते. त्या अर्जावर सही करण्याआधी मात्र तीन गोष्टी विचारून घे. कुठल्या तारखेपर्यंत परतायचं? भरलेल्या आणि न भरलेल्या फीचं काय होणार? वसतिगृह, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज यांच्यावर काय परिणाम होणार? शिष्यवृत्तीचा नियम नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी कागदावर असतो, म्हणून तो वेगळा विचारायचा. परदेशात शिकत असलीस तर व्हिसाचंही विचार, कारण खंड घेतल्यावर तिथे राहण्याची परवानगीच जाऊ शकते.

पण खंडापर्यंत जायची तुला गरज पडेल असं मला वाटत नाही. नऊ दिवस आहेत की हातात.

इथे माझी एक गोष्ट सांगते. मीही दुसऱ्याच वर्षाला होते. आई आजारी, माझी सगळी प्रात्यक्षिकं बुडालेली. अर्ज लिहून तयार होता. तीनदा खिडकीपर्यंत गेले आणि रांग बघून परत आले. खरं तर रांग चार जणांची होती. शेवटी अर्ज दिला तो निकाल लागल्यावर. तोवर तो दप्तरात इतका फिरला होता की घड्यांवरची शाई पुसली होती. खिडकीतले गृहस्थ चांगले होते. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "हा पंधरा दिवस आधी दिला असतात तर." बस, एवढंच. आधी कळवलं की ते कारण असतं, नंतर सांगितलं की सबब होते. आजार तोच, आई तीच. वर्ष मात्र गेलं.

म्हणून आज रात्री, कामावरून आल्यावर, झोपायच्या आधी एक मेल लिही. विषय शिक्षकाला किंवा तुला नेमून दिलेल्या मार्गदर्शकाला. त्यात कहाणी नको. हे घे: "मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. घरचं उत्पन्न अचानक थांबल्यामुळे गेले पाच महिने संध्याकाळी काम करते आहे. त्यामुळे दोन असाइनमेंट देता आल्या नाहीत. अमुक तारखेची तिसरी वेळेत होणं कठीण दिसतं. मुदतवाढीसाठी कुठला अर्ज करायचा आणि राहिलेल्या दोन अजून देता येतील का, हे समजून घ्यायला दहा मिनिटं भेटता येईल का?" झालं. माफी एकदाही मागू नकोस. मुली अशा मेलमध्ये चार-चार वेळा "सॉरी" लिहितात आणि मुख्य मागणी शेवटच्या ओळीत पुरतात. मेलच का? तर त्यावर तारीख पडते. मुदतवाढ, परीक्षा पुढे घेणं, अपील, सगळीकडे पहिला प्रश्न येतो, "कधी कळवलंत?"

पैशाचं दार वेगळं आहे. समुपदेशक फी माफ करू शकत नाही आणि लेखा विभाग तुझी झोप परत आणू शकत नाही. हे दोन खोल्यांतले दोन लोक आहेत, आणि एकाला सांगितलं की दुसऱ्याला आपोआप कळतं या भ्रमात राहू नकोस. लेखा विभागात जाऊन फीचे हप्ते बांधून मिळतील का ते विचार. मग विद्यार्थी कल्याण विभागात अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या निधीची चौकशी कर. नाव जागोजागी वेगळं असतं, पण घरचं उत्पन्न अचानक थांबणं हे असल्या निधीसाठी अगदी नेहमीचं कारण आहे. मिळतंय ते अनुदान की बिनव्याजी कर्ज, हे तोंडावर विचार. अनुदान परत करायचं नसतं. बाबांचं काम सुटल्याचा काही कागद, तुझ्या खात्याचं गेल्या तीन महिन्यांचं विवरण आणि भाड्याची पावती बरोबर ठेव. आपलं बँकेचं पान दुसऱ्याच्या टेबलावर ठेवताना कानशिलं तापतात, मला माहीत आहे. समोरच्या माणसाने त्या दिवशी तशी बरीच पानं पाहिलेली असतात. तो शिल्लक बघतो आणि पान उलटतो.

"त्यांची जागा मी कशाला अडवू" हे तुझं वाक्य मला सर्वांत जास्त टोचलं. कुणाला आधी घ्यायचं हे ठरवणं समुपदेशन केंद्राचं काम आहे. त्यासाठीच तर पहिल्या भेटीत प्रश्नावली भरून घेतात. तू मागितला नाहीस म्हणून तो निधी तुझ्याहून गरजू माणसाच्या घरी चालत जात नाही. आणि तू अपवाद आहेस असं वाटत असेल तर ऐक. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमात ८ देशांतल्या १९ संस्थांमधल्या पहिल्या वर्षाच्या जवळपास १४ हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. नैराश्य, चिंताविकार, व्यसन अशांपैकी एखादा तरी त्रास आयुष्यात कधीतरी होऊन गेल्याचं ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये दिसलं. म्हणजे तुझ्या वर्गात दर तिसऱ्या बाकावर. तेही "सगळं छान चाललंय" असंच सांगत असणार.

आता नोंदीचं. समुपदेशकाकडच्या टिपणांची फाइल सहसा परीक्षा विभागापासून वेगळी असते आणि सज्ञान विद्यार्थ्याच्या घरी त्याच्या संमतीशिवाय कळवत नाहीत. अपवाद असतात: जिवाला धोका असेल तेव्हा, किंवा कायद्याने सांगणं भाग असेल तेव्हा. प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे निराळे, म्हणून खुर्चीत बसल्यावर तुझा पहिला प्रश्न हाच असू दे: "मी बोलेन ते कुणाकुणाला कळतं?" चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही. आणि नोकरी देणारा गुणपत्रिका मागतो. तिच्यावर समुपदेशनाची ओळ नसते, नापासाची असते.

पहिल्या भेटीतून हलकं वाटून बाहेर येशील असं मात्र समजू नकोस. पहिली भेट बरीचशी माहिती विचारण्यात जाते. भेटींची संख्या बहुधा ठरलेली असते आणि कधी आठवडे थांबावं लागतं, म्हणून नाव आजच घालून ठेव. माणूस नाही जमला तर दुसरा मागता येतो. रात्रीचं ऐकणारं कुणी हवं असेल तर काही विद्यापीठांत विद्यार्थीच विद्यार्थ्यांसाठी रात्रीची फोनसेवा चालवतात. १९७० साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात ती पहिल्यांदा सुरू झाली. सल्ला देत नाहीत, ऐकतात. अकरानंतर तुला तेवढंही पुष्कळ होईल.

कुणी नाही म्हणालं तर ते लेखी माग. अपिलाची मुदत लहान असते आणि तोंडी नकारावर अपील करता येत नाही. अशा वेळी विद्यार्थी संघटनेचा सल्लागार असेल तर त्याला गाठ. तो प्रशासनाच्या बाजूचा नसतो, नियम मात्र त्याला पाठ असतात.

बाबांना सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी एवढंच म्हणेन, काम सुटलेल्या माणसाला आपल्यामुळे पोरीचं शिक्षण गुपचूप सुटलं हे दोन वर्षांनी कळणं जास्त जड जाईल.

मेल आज पाठव. केंद्रात जाताना मैत्रिणीला बरोबर ने, ती बाहेर बसेल. आणि या वेळी फलक वाचत थांबू नकोस, दोनदा वाचून तुला तो पाठ झाला असेल.

– मावशी