कॅम्पस नवा करताय? एसीच्या आधी दमटपणाचा हिशेब मागा

प्रश्न: आमच्या फोंड्याकडच्या कॉलेजचा जुना कॅम्पस नव्याने बांधतायत. सगळ्या इमारतींना मिळून एकच मोठा सेंट्रल एसी प्लांट आणि वर सोलर असा प्रस्ताव आलाय. लायब्ररीत पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येतेच. याने बिल कमी होईल का?
– एक प्राध्यापिका, बांधकाम कमिटी

उत्तर: मॅडम, आधी कन्सल्टंटकडून खोलीवार हीट लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे कुठल्या खोलीतून किती उष्णता आणि ओल काढावी लागेल त्याचा हिशेब, मागून घ्या. नुसतं ‘इतक्या फुटाला एक टन’ असं धरलं असेल तर सरळ परत पाठवा, कारण आपल्याकडे उन्हापेक्षा दमटपणा जास्त छळतो. एसीची कॉइल सलग बराच वेळ थंड राहिली तरच हवेतलं पाणी तिच्यावर जमून ड्रेनने बाहेर जातं. मशीन गरजेपेक्षा मोठं असलं की खोली पटकन २४ डिग्रीला येते, कंप्रेसर बंद होतो, पाणी हवेतच राहतं, मग अंग चिकट होतं म्हणून कुणीतरी रिमोट २० वर नेतं आणि बिल चढतं ते इथे.

लायब्ररीचं दुखणं तर वेगळंच. दिवसा एसी, रात्री बंद, आणि रात्रभर पावसाची ओली हवा आत. तिथे डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) स्वतंत्र हवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवणारा, चोवीस तास. एसी प्लांट कितीही मोठा घेतला तरी हे काम तो करणार नाही.

केमिस्ट्री लॅब मात्र नीट बघा, सगळ्यात जास्त वीज तिथेच गळते. फ्युम हूड, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून घेणारं कपाट, आतली थंड केलेली हवाही बाहेर फेकतो आणि तेवढीच ओली हवा बाहेरून आत येते, ती पुन्हा थंड करा, पुन्हा कोरडी करा. हूड बंद असताना त्याचा पंखा हळू होईल असा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) घ्या. वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज साधारण निम्मी होते. सुरक्षेला लागणारा हवेचा किमान प्रवाह मात्र कमी होऊ देऊ नका.

वर्गांना सरसकट एसी कशाला? जुने चिऱ्याचे व्हरांडे बंद करून केबिन काढू नका, स्लॅबवर इन्सुलेशन आणि पांढरा थर द्या, पश्चिमेच्या खिडक्यांना खोल छज्जे काढा. साधा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक, आणि पंखा फिरत असला की एसीवाल्या खोलीतही २६ डिग्री पुरतात.

प्लांट घ्यायचाच असेल तर एकाच मोठ्या चिलरऐवजी (प्लांटमधलं पाणी थंड करणारं मुख्य मशीन) लहान लहान दोन-तीन घ्या, सुट्टीत एकच ऑफिस उघडं असतं तेव्हा मोठा चिलर उगाच धापा टाकत चालतो. सोलर शेवटी ठरवा. १ किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर गच्ची लागते, वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात, जून-जुलैत कमी. आणि प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर आत्ताच टेंडरमध्ये घाला, नंतर बसवायला भिंती फोडाव्या लागतात.

प्रश्न: आमचं हॉस्टेल समुद्राजवळ आहे, एसीचे आउटडोअर लवकर गंजतात. काय करावं?
– वॉर्डन, मिरामार

उत्तर: खारी हवा कॉइल खाते. कोटिंग केलेली कॉइल मागा, आउटडोअर समुद्राच्या थेट वाऱ्यात ठेवू नका आणि कॉइल साध्या पाण्याने नियमित धुवून घ्या. आंघोळीच्या पाण्याला गीझर असतील तर हीट पंपाचाही भाव काढा, तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून विजेच्या एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते.