डब्यातली हवा मोजली का?

प्रश्न : आम्ही सांगलीत हळद-मसाल्याची पाकिटं भरणारी छोटी मशिनं बनवतो. कंट्रोल बॉक्समध्ये 24 व्होल्ट, 100 वॅटचा ओपन फ्रेम एसएमपीएस, म्हणजे उघड्या बोर्डाचा पॉवर सप्लाय आहे. लोड मोजला तर 2.6 अँपिअर, म्हणजे जेमतेम 62 वॅट. तरी एप्रिलपासून गिऱ्हाइकांचे फोन चालू आहेत : दुपारी मशीन बंद पडतं, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतं. नवा सप्लाय टाकला, तरी तेच. कंपनी बदलावी का?

उत्तर : कंपनी राहू द्या, आधी डेटाशीट, म्हणजे कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक, पूर्ण वाचा. तुम्ही मॉडेल नंबर कळवलात, म्हणून मी वाचली. वर ठळक छापलेले 100 वॅट पंख्याचा वारा धरून आहेत. वारा नसेल तर 70. तेही 50 अंशांपर्यंतच. त्यापुढे दर अंशाला अडीच टक्के कापायचे, 70 अंशांना निम्मे उरतात. हा आलेख आतल्या पानावर असतो आणि तिथवर कुणी जात नाही.

हे अंश शेडमधले नव्हेत, बोर्डाला लागून असलेल्या हवेचे. डब्याला बारीक भोक पाडा, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बोर्डापासून बोटभर अंतरावर सोडा, झाकण लावून पूर्ण लोडवर दोन तास मशीन चालवा. बाहेर 40 अंश असताना आत 62 भरले, तर 50 च्या वरच्या 12 अंशांचे 30 टक्के गेले. 70 वॅटचे उरले 49. तुम्ही घेताय 62 वॅट. तापला की तो स्वतःला बंद करतो, निवला की उठतो. बिचारा शहाणा आहे, बिघडलेला नाही.

पंखा बसवा, असं कुणीतरी सांगेलच. हळदीच्या कारखान्यात मुळीच बसवू नका. माझ्या भोसरीच्या टेबलावर एकदा मिरची पॅकिंगचा असाच पंखेवाला डबा आला होता. बोर्डावर तांबड्या भुकटीचा नमद्यासारखा थर. पावसाळ्यात त्यानं ओल धरली आणि ठिणगी पडून ट्रॅक जळला. तो झाडताना माझा अंगठा प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सकडच्या बाजूच्या, मोठ्या कपॅसिटरला लागला. वायर काढलेली होती, पण 230 व्होल्ट एसीचे तिथे 325 डीसी होतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ टिकतात. झटका असा बसला की चहाचा कप टेबलाखाली. तेव्हापासून आधी मीटर, मग बोट.

तर तुमचा हिशेब उलटा मांडा : 30 टक्के गेल्यावर उरतो 0.7 हिस्सा, म्हणून 62 वॅट भागिले 0.7, म्हणजे 89. पंख्याशिवाय किमान 100 वॅट देणारा बोर्ड हवा. वर 150 किंवा 200 छापलेलं असेल, ते विसरा. आकार बहुधा 3 बाय 5 इंच, डब्यात मावेल. स्टेपर मोटर चालवणारे ड्रायव्हर त्याच्या खाली असतील तर बाजूला हलवा, नाहीतर त्यांची गरम हवा सरळ सप्लायवर येते. उष्णता कमी केलीत तर आयुष्यही वाढतं : इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 10 अंशांनी थंड राहिला की साधारण दुप्पट टिकतो.

तुमच्या फोटोत आणखी एक गोष्ट खटकली. बोर्डाचे चारही स्पेसर (बोर्ड उचलून धरणारे खांब) पावडर कोटिंगवर बसवलेत. त्यातलं एक भोक अर्थिंगचं आहे, डेटाशीटच्या चित्रात खूण असते. तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर धातूचा स्पेसर आणि दातेरी वॉशर लावा. नाहीतर बोर्डातल्या फिल्टरला अर्थिंगच मिळत नाही आणि गिऱ्हाइकाचा पुढचा फोन येतो, ‘डिस्प्लेवरचे आकडे आपोआप बदलतात’. बोर्डाखाली तारांची टोकं पत्र्याजवळ येत असतील तर मायलरचा (वीज न वाहणाऱ्या प्लास्टिक फिल्मचा) तुकडा सरकवा.

प्रश्न : असाच बोर्ड पेशंट मॉनिटरमध्ये वापरला तर चालेल का? अर्ध्या किमतीत मिळतोय.

उत्तर : नाही. तारा रुग्णाच्या अंगाला चिकटलेल्या असतात. तिथे आयईसी 60601-1 या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षा मानकाप्रमाणे तपासलेला, रुग्णाच्या संरक्षणाचे दोन थर असलेला बोर्डच हवा. त्याचा लीकेज (बाहेर झिरपणारा करंट) फार कमी असतो, आणि बहुधा फेज व न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज दिसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एकच आहे.