फूड वेस्ट डिस्पोजर: एचपी नंतर बघा, आधी टेप घ्या

तुम्ही विचारलंय की नाशिकमधल्या फ्लॅटमध्ये, चार माणसांच्या घरात, सिंकखाली डिस्पोजर, म्हणजे उरलंसुरलं अन्न बारीक करून पाण्याबरोबर ड्रेनमध्ये सोडणारं यंत्र, बसवायचा तर अर्धा एचपी (हॉर्सपॉवर, मोटरची ताकद) घ्यावा की पाऊण. पाऊण घ्या. पण दुकानात जाण्याआधी टेप घेऊन सिंकखाली वाका, कारण मी ते केलं नव्हतं.

पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीतलं ड्रेनचं भोक सिंकच्या बुडापासून जेमतेम चार इंच खाली होतं. डिस्पोजरचं पाणी बाहेर सोडणारं तोंड आलं सहा इंचांवर. प्लंबरने लवचिक पाइप वर वळवून जोडून दिला आणि गेला. पाणी चढणार कसं? चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर आंबलेल्या भाताचा वास, आणि पाइपाच्या वळ्यांमध्ये कोथिंबिरीच्या काड्यांचा लगदा साचलेला. शेवटी टाइल फोडून भोक खाली घेतलं, सव्वा इंचाचा वळ्यांचा पाइप काढून दीड इंची गुळगुळीत पीव्हीसी टाकला, ट्रॅपनंतर (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) भिंतीकडे उतार दिला. तेव्हापासून तुंबलेलं नाही.

दुसरं माप सिंकच्या भोकाचं. यंत्राला साधारण ९० मिलिमीटर लागतं, जुन्या सिंकना ते लहान असतं. सिंकचा पत्राही दाबून बघा. यंत्र सिंकलाच लटकतं, पातळ पत्रा त्याच्या वजनाने आणि थरथरीने खाली बसतो.

विजेसाठी अर्थिंगचा थ्री-पिन सॉकेट कपाटात, पण पाइपाच्या जोडाखाली नको. ओट्यावर एअर स्विच घ्या. त्याच्या बटणात फक्त हवा असते, ओल्या हाताने दाबलं तरी भीती नाही.

आत मिक्सरसारखी पाती नसतात. फिरणारी तबकडी कचरा कडेच्या खरबरीत कड्यावर घासते, म्हणून चिवट धागा तिथे गुंडाळला जातो. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याची सालं, नारळाची शेंडी, द्राक्षांच्या घडांचे देठ, आंब्याची कोय हे सगळं घंटागाडीच्या ओल्या डब्यातच. मिसळीची तर्री किंवा तूपकट पाणीही ओतू नका, आपल्या डिसेंबरच्या थंडीत तूप पाइपात थिजतं. चालू करण्याआधी गार पाणी सोडा आणि आवाज मोकळा झाल्यावरही पंधरा-वीस सेकंद वाहू द्या.

बंगला असेल आणि सेप्टिक टँक असेल, तर मी घेऊ नका असंच सांगेन. टाकी लवकर भरते. फ्लॅट असेल तर सोसायटीला आधी विचारा, खाली जाणारा पाइप सगळ्यांचा आहे.

यंत्र अडकलं तर हात घालू नका. प्लग काढा, बुडाच्या भोकात अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी) घालून पुढे-मागे फिरवा, मग बुडालाच असलेलं रीसेटचं लाल बटण दाबा. ती चावी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.