घरातली पहिली दहावी

तुमच्या घरात यंदा पहिल्यांदाच दहावी आहे, म्हणून राज्य मंडळाच्या परीक्षेची गुणरचना आधी नीट समजून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक भाषेला 80 गुणांची लेखी परीक्षा असून उरलेले 20 गुण शाळेकडे असतात. गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे 40-40 गुणांचे दोन स्वतंत्र पेपर होतात, आणि विज्ञानाचेही तसेच दोन भाग असतात. शाळेकडचे हे 20 गुण आपोआप मिळतात असे समजून वही, प्रयोगवही आणि तोंडी परीक्षा यांकडे दुर्लक्ष करणारी मुले मी दरवर्षी पाहतो आणि मला फार वाईट वाटते.

भूमितीत मुले हमखास एक चूक करतात: रचना पूर्ण झाली की आकृती स्वच्छ दिसावी म्हणून कंपासने काढलेले कंस खोडून टाकतात. ते कंस म्हणजेच रचनेचा पुरावा. ते मुळीच खोडू नयेत, आणि पेन्सिलीला बारीक टोक असावे.

उत्तीर्ण होण्यासाठी 35 टक्के लागतात. एखादा विषय राहिलाच, तर जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते; हे मुलाला निकालानंतर नव्हे, आजच सांगून ठेवा.