वाडी पाहायला जाण्यापूर्वी

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कृषी पदवीनंतर आदिवासी भागात वनशेतीचे, म्हणजे एकाच जमिनीत झाडे आणि पिके एकत्र घेण्याचे, काम करणाऱ्या संस्थेत रुजू व्हावे असे तुझ्या मनात आहे आणि अशी संस्था कशी पारखावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा, की कलम लावल्यापासून फळ येईपर्यंत ते कुटुंब काय खाते, हे संस्थेला ठाऊक आहे का?

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात वाडीचे, म्हणजे आदिवासी कुटुंबाच्या जमिनीत फळझाडे आणि पिके एकत्र घेण्याचे, काम उभे केले. पुढे ते काम पालघर जिल्ह्यातील जव्हार परिसरात आले आणि नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेच्या आदिवासी विकास निधीमुळे अनेक राज्यांत पोहोचले. साधारण एक एकर वरकस, म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनीत आंबा-काजूची कलमे, कडेने गिरिपुष्प, बांबू, सुबाभूळ अशी चारा, सरपण आणि कुंपण देणारी झाडे, आणि ओळींमधल्या जागेत नागली (नाचणी), वरी, तूर किंवा भाजीपाला, अशी वाडीची मांडणी असते.

कागदावर ही मांडणी निर्दोष दिसते. तिची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत होते. जव्हार-मोखाड्यात पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरच्या उथळ, मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. आणि कोवळ्या कलमांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच महिन्यांत अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. अशा वेळी कलमे वाळली, तर शेतकऱ्याच्या उदासीनतेला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पाणी साठवण्याची सोय आणि घरी राहून वाडीत राबण्याची मजुरी, या दोन्हींची तरतूद पहिल्या वर्षापासून आहे का, हे तू अवश्य पाहावेस.

दुसरी गोष्ट पोषणाची. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेले बालमृत्यू या भागात काम करणाऱ्या कोणीही विसरता कामा नयेत. आंब्याचे पैसे उन्हाळ्यात एकरकमी येतात, पण गरोदर स्त्रीला आणि लहान मुलाला बारा महिने सकस अन्न लागते. शिवाय कलमे मोठी होऊन सावली दाटली, की मधली नागली मागे पडते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची जागा विकतच्या तांदळाने घेतली, तर उत्पन्न वाढूनही ताट निकृष्ट होऊ शकते. म्हणून नागलीसाठी वेगळा तुकडा राखला आहे का आणि परसबागेत शेवगा, वाल, कंद आहेत का, हे विचार. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावरान बियाण्यांचे मोल मला इथेच सर्वाधिक जाणवते. बाएफच्या साहाय्याने त्यांनी बियाणे बँक उभारली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की ते बियाणे घरच्या बाईच्या हाती राहते आणि दर हंगामाला विकत घ्यावे लागत नाही.

नैरोबीच्या जागतिक वनशेती केंद्रासारख्या संस्थांचे संशोधन अवश्य वाच. कोणते झाड कोणत्या जमिनीत, कोणत्या पिकाशेजारी लावावे, याचा विचार त्यातून पक्का होईल. मात्र रुजू होण्याचा निर्णय एप्रिल-मे महिन्यांत पाड्यावर राहून घ्यावास. संस्थेने दाखवायला ठेवलेल्या वाडीखेरीज पाच-सहा वर्षांच्या आणखी काही वाड्या स्वतः निवडून पाहा, आणि कुटुंबप्रमुखाशी बोलून झाल्यावर घरातील स्त्रियांना त्या आठवड्यात काय शिजले, ते विचार. त्यांची उत्तरे मला सविस्तर कळव. त्यानंतर आपण संस्थेच्या नावाविषयी बोलू.

तुझ्या पत्राची वाट पाहत आहे.