जर्मन लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन हातांनी चालवायची लांब तलवार, घरच्या घरी, पुस्तकं वाचून शिकता येईल का?

सुरुवात येईल करता, पण जोडीदाराशिवाय फार पुढे जाता येणार नाही.

ही परंपरा १४व्या शतकातल्या योहान्नेस लिख्टेनाउअरच्या नावाने चालते. त्याची शिकवण यमक जुळवलेल्या, मुद्दाम कोड्यात ठेवलेल्या ओळींत आहे. नुसत्या ओळी वाचून डोकं दुखेल, म्हणून झिगमुंड रिंगेकचं १५व्या शतकातलं भाष्य सोबत घ्या. योआखिम मायरचा १५७० चा ग्रंथ अधिक पद्धतशीर आहे, पण त्यात लाँगस्वोर्ड बरीचशी खेळाकडे झुकलेली दिसते. विक्टेनाउअर या संकेतस्थळावर हे सगळं इंग्रजी भाषांतरासह फुकट आहे.

आधी ओख्स, फ्लूग, आल्बर आणि फोम टाग हे चार पवित्रे आणि पावलं घटवा. मग त्सोर्नहाऊ, म्हणजे खांद्यावरून तिरका वार. समोरच्यानेही तसाच वार केला की पाती एकमेकांना भिडतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. त्याचा दाब सैल लागला तर टोक सरळ तोंडावर. घट्ट लागला तर पातं वर काढून दुसऱ्या बाजूने वार. हा दाब हाताला कळणं हाच या विद्येचा गाभा. आरशासमोर तो कसा कळणार?

खऱ्या लाँगस्वोर्ड साधारण दीड किलोच्या आसपास असत, सिनेमातल्यासारख्या अवजड नव्हे. सरावाला लवचिक पात्याची 'फेडर' वापरतात. पण पैसे आधी मास्क आणि जाड हातमोज्यांवर घाला, बोटं फार सहज मोडतात. तोवर काठीवर भागतं.