मागील पानावरून पुढे

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. वर्षानुवर्षं कॉमिक्स वाचणाऱ्यांना हल्लीचे सुपरहिरोंचे सिनेमे आणि मालिका खरंच आवडतात, की नुसती सवय म्हणून बघतात? आणि ज्यानं यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यानं कुठून सुरुवात करावी?

सवयीनंही बघतो, खोटं कशाला बोलू. काही मनापासून आवडतात, काही बघताना घड्याळाकडे लक्ष जातं. पण या दोन ढिगांत फरक कशानं पडतो ते मला फार उशिरा कळलं, आणि ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी इंदूरचा. वय अठ्ठेचाळीस, क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितो. कॉमिक्सचा नाद लागला तो रामबागेत, १९८६ च्या आसपास. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. पेन्सिली, मांजा, लिमलेटच्या गोळ्या, आणि आडव्या बांधलेल्या सुतळीवर वाळत घातल्यासारखी कॉमिक्स. आठ आणे भाडं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत. पानांवर पोह्यांच्या तेलाचे डाग आणि त्यावरच्या जिरावण मसाल्याचा वास. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, त्यामुळे वेताल (म्हणजे फँटम) आम्ही हिंदीतून वाचला आणि त्यापायी बोलणी खाल्ली ती मराठीतून. १९९० मध्ये वेताल छापणारं इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलं, तोवर राज कॉमिक्सचे नागराज आणि ध्रुव सुतळीवर येऊन बसले होते. (नागराजाचे सुरुवातीचे अंक मराठी चित्रकार प्रताप मुळीकांनी काढले, हे मी पुण्याच्या नातेवाइकांना मुद्दाम सांगतो. त्यानंतर ते नागराजाला जरा मानानं वागवतात.)

भाड्याच्या कॉमिक्सचा एक नियम होता: हवा तो अंक कधीच जागेवर नसतो. पहिला भाग कुणीतरी नेलेला, दुसरा लटकतोय. मी आयुष्यात एकही मालिका पहिल्या अंकापासून ओळीनं वाचलेली नाही. तरी कधी अडलं नाही, कारण पहिल्याच पानावर एक चौकट असायची. चार ओळी: हा कोण, कुठं अडकलाय, मागे काय झालं. मधेच जुना खलनायक उगवला तर त्याच्या नावावर फुली आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जानने के लिए पढ़ें’ आणि अमुक अंकाचं नाव. तो वाचला तर उत्तम, नाही वाचला तरी गोष्ट पुढे सरकायची. आमच्या वहीखात्यातही हेच चालतं. पान भरलं की नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहायचं आणि शिल्लक मांडायची. मागचं पान उलटायची पाळी सहसा येत नाही.

हल्लीचे बरेच सिनेमे ही शिल्लकच मांडत नाहीत. माझी तक्रार एवढीच.

२०२३ च्या दिवाळीत बहीण आली होती. भाचीला घेऊन ‘द मार्व्हल्स’ला गेलो. पावणेदोन तासांचा सिनेमा, मार्व्हलचा सगळ्यात आखूड. त्यात तीन नायिका. एकीची ओळख २०१९ च्या सिनेमात झालेली, दुसरीला शक्ती मिळाली ‘वांडाव्हिजन’ मालिकेत, तिसरीची बांगडी तिच्या स्वतःच्या मालिकेतून आलेली. भाचीनं यातलं काही पाहिलं नव्हतं. “मामा, ही कोण? मामा, ती हिच्यावर का चिडलीय?” मी कानात कुजबुजत राहिलो. मध्यंतराआधीच मागच्या रांगेतून आवाज आला, “अंकल, कमेंट्री बाहर जा के कर लो.” चूक माझीच होती. पण चार ओळींची चौकट पडद्यावर दिली असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती. त्याआधी २०२२ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्येही हेच झालं होतं. ‘वांडाव्हिजन’ची नायिका वांडा इथं खलनायिका का झाली हे ती नऊ भागांची मालिका बघून आलेल्यालाच नीट कळणार. तिकीट सिनेमाचं काढायचं आणि अभ्यास घरून करून यायचा.

लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. कंटाळा गृहपाठाचा आलाय.

आता आवडलेल्यांकडे येतो. जुलै २०२५ मध्ये जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ लागला. अंधार झाला आणि पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. तीन शतकांपूर्वी पृथ्वीवर अतिमानव दिसू लागले. तीन दशकांपूर्वी परग्रहावरचं एक बाळ इथं आलं. तीन वर्षांपूर्वी ते मोठं होऊन जगासमोर आलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं एक युद्ध थांबवलं. असं उतरत उतरत शेवटी: तीन मिनिटांपूर्वी तो पहिल्यांदा हरला. की लगेच सुपरमॅन आभाळातून धप्पकन बर्फात. मी खुर्चीत सरसावून बसलो. ही तर आमची चौकट! क्रिप्टनचा स्फोट नाही, पाळण्यातलं यान नाही, शेतातलं बालपण नाही. १९३८ पासून लोकांना पाठ असलेली गोष्ट त्यानं अर्ध्या मिनिटात उरकली आणि सरळ मधल्या पानापासून सुरुवात केली.

आणि मग ती खार. शहरात प्रचंड राक्षसाशी झुंज चाललीय, इमारती हलताहेत, आणि सुपरमॅन मधेच एक खार उचलून सुरक्षित जागी नेऊन ठेवतो. थिएटरात काही पोरं हसली. मला सर्कशीत वाढलेला, प्राण्यांशी बोलणारा आमचा ध्रुव आठवला. (आपल्याकडे सेन्सॉरनं चुंबनाची तेहतीस सेकंदं कापली, खार शाबूत राहिली हे नशीब.) खलनायक लूथरची ती पॉकेट युनिव्हर्सची, म्हणजे खिशातल्या विश्वाची, भानगड मात्र मला लांबली. इंटरनेटवर सुपरमॅनला शिव्या घालायला त्यानं माकडं बसवलीत, हा विनोद तेवढा आवडला.

त्याच महिन्यात ‘फँटास्टिक फोर’ आला. त्यातही सुरुवातीलाच एका टीव्ही कार्यक्रमात चौघांची चार वर्षं सांगून टाकलीत. त्यांच्या पृथ्वीचा क्रमांक ८२८, म्हणजे चित्रकार जॅक कर्बींचा वाढदिवस, २८ ऑगस्ट. अशा गोष्टींना आमच्यासारखे लगेच भुलतात. दिसायला देखणा सिनेमा, पण चौघांतल्या बेन ग्रिमला नुसतं स्वयंपाकघरात उभं केल्यासारखं वाटलं.

‘थंडरबोल्ट्स’ मी बायकोबरोबर पाहिला. त्यातली जवळजवळ सगळी मंडळी वेगवेगळ्या सिनेमा-मालिकांतून उचललेली. मला सगळी ओळखीची, तिला एकही नाही. तरी मला एकदाही कुजबुजावं लागलं नाही. ही उरलीसुरली, कुणाला नको असलेली माणसं आहेत एवढं पहिल्या अर्ध्या तासात कळतं आणि तेवढं पुरतं. शेवट सांगत नाही, पण ठोसे मारून कुणी जिंकत नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुमच्या लोकांना हे आधी का नाही सुचलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मालिकांमध्ये ‘द पेंग्विन’, बॅटमॅनच्या एका खलनायकाची. आठ भाग, आणि बॅटमॅन एकदाही येत नाही. शेवटी आभाळात त्याची खूण तेवढी उमटते. पेंग्विन झालेला कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखू येत नाही आणि सोफिया झालेली क्रिस्टिन मिलिओटी त्याच्यासमोरून मालिकाच पळवते. तिला त्याबद्दल एमी मिळालं ते योग्यच झालं. ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’बद्दल मी जरा कडू आहे. नाव घेतलं १९८६ च्या फ्रँक मिलर आणि डेव्हिड मझुकेली यांच्या कथेचं, कथा घेतली नाही. वकील असलेला डेअरडेव्हिल आणि महापौर झालेला त्याचा शत्रू किंगपिन समोरासमोर बसतात ती दृश्यं उत्तम. मधलं काम तुकडे जोडल्यासारखं दिसतं, आणि मालिका अर्ध्यावर थांबवून नव्यानं रचली गेली होती हे कळल्यावर ती शिवण जास्तच दिसायला लागते.

‘स्पायडर-व्हर्स’चा दुसरा भाग, २०२३ चा, हा वेगळाच मामला. तो भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. मला इंदूरला मराठी खेळ काही मिळाला नाही, हिंदीत पाहिला. त्यातला पवित्र प्रभाकर, म्हणजे भारतीय स्पायडरमॅन, मला २००४ पासून माहीत होता, तेव्हा तो धोतर नेसून भिंतीवर चढायचा. सिनेमात त्याच्या मुंबॅटनच्या (मुंबई अधिक मॅनहॅटन) रिक्षा आणि ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला त्यानं दिलेली चपराक यावर थिएटर कोसळलं. पण ऐन रंगात आला आणि क्रमशः. पुढचा भाग कुणीतरी भाड्यानं नेलाय आणि वर्षं झाली तरी परत करत नाही. लहानपणीचा संताप जसाच्या तसा परत आला.

आता सुरुवात कुठून. अमेरिकेपासून करूच नका. नेटफ्लिक्सवर ‘मिन्नल मुरली’ बघा, २०२१ चा मल्याळम सिनेमा. केरळातल्या एका गावात एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक शिंपी, एक चहाच्या दुकानात काम करणारा शिबू. शिंपी नायक होतो, शिबू खलनायक, आणि गुरु सोमसुंदरमनं शिबू असा उभा केलाय की तुम्ही त्याच्यावर रागावूच शकत नाही. अख्ख्या गावानं ज्याला वर्षानुवर्षं वेडा म्हणून हिणवलं, त्याच्या हातात शक्ती आल्यावर आणखी काय होणार? आवडला तर २०२५ चा ‘लोका’ बघा; लोककथेतली यक्षी आजच्या बंगळुरात राहते. मग ‘सुपरमॅन’, मग ‘पेंग्विन’. याआधी काहीही बघायची गरज नाही.

मेलेली माणसं परत येतात म्हणून काहीजण चिडतात, तुम्ही चिडू नका. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं होतं, पुढच्याच वर्षी तो हजर. आम्ही तेव्हाही दोन्ही वेळा रडलो. मला जड जातंय ते दुसरंच. आयर्न मॅन मेला, आणि त्याचं काम करणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरलाच आता खलनायक डॉक्टर डूम केलंय. त्या ‘अव्हेंजर्स: डूम्सडे’ला डिसेंबर २०२६ ची तारीख दिलीय. भाचीचा परवाच निरोप आला: “मामा, डूम कोण? दहा ओळींत लिहून पाठव, थिएटरात बोलायचं नाही.” सात ओळी झाल्यात. त्याचा देश लॅटव्हेरिया, आई, मुखवटा, ‘फँटास्टिक फोर’मधल्या रीड रिचर्ड्सबद्दलचा मत्सर, सगळं बसलं. आठव्या ओळीत ‘चेहरा तोच, पण माणूस तो नव्हे’ लिहिलं आणि खोडलं. कारण तिचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय.